कमल रणदिवे यांचे २०० शोधनिबंध, पण अकोले तालुक्यातले काम मोजायचे कसे?

कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्या नावावर कर्करोग आणि कुष्ठरोगावरील २०० हून अधिक शोधनिबंध आहेत. आज मात्र संशोधक जोखला जातो तो 'सायटेशन'वर, म्हणजे इतरांनी त्याच्या निबंधांचा संदर्भ किती वेळा दिला यावर. त्यातला लोकप्रिय आकडा एच-इंडेक्स. तो २० असेल, तर २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळालेले असतात. हे माप आले २००५ मध्ये. रणदिवे यांचे निधन २००१ चे.

मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. पण शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र एकदा रोजच्या वापरात आले, की ते रुजवणाऱ्याचा संदर्भ सहसा कोणी देत नाही.

आपल्या जिल्ह्यातही त्या आल्या होत्या. अकोले तालुक्यातील 'सत्यनिकेतन' संस्थेत त्यांच्या टीमने आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, खेड्यांतल्या महिलांना आरोग्याची माहिती दिली. एच-इंडेक्समध्ये याला रकानाच नाही! १९८२ मध्ये पद्मभूषण मिळूनही नव्या पिढीतल्या अनेकांना त्यांचे नाव कळले ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, गुगलच्या डूडलमुळे.