ॲन्टेना आपण वळवू, भाषा कोण वळवणार?

एकाने छपरावर चढायचे, दुसऱ्याने अंगणात उभे राहायचे आणि तिसऱ्याने घरातून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" महाराष्ट्राच्या दिशेने ॲन्टेना वळवून मराठी कार्यक्रम पकडण्याची ही धडपड सीमाभागातील आम्ही मंडळी विसरलेलो नाही. पण भोपाळच्या मराठी माणसाच्या नशिबी तेवढीही आशा नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. तिच्यामागोमाग सरकारी नोकरीतील अनेक मराठी कुटुंबेही गेली. तारीख एकच, दुरावलेली माणसे दोन ठिकाणची.

भोपाळचे दूरदर्शन केंद्र श्यामला टेकडीवर आहे. शहर उंचसखल. ॲनालॉग प्रक्षेपणाच्या काळात टेकडीवर किंवा इमारतीवर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोचे आणि पडद्यावर एका माणसाची दोन माणसे दिसत. त्यावर उपाय साधे होते. ॲन्टेना उंच न्यावा, आखूड काड्यांचे टोक नेमके मनोऱ्याकडे करावे, गंजलेले सांधे घासावेत, पाणी शिरलेली वायर बदलावी. बूस्टर लावायचा तर वर, ॲन्टेनाजवळच. खाली लावला तर वायरीतली खरखरही तो तितकीच वाढवतो. २०१६ साली भोपाळसह सोळा शहरांत दूरदर्शनने डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंग्या दिसत नाहीत. चित्र एक तर स्वच्छ येते, नाही तर तुटते. ॲन्टेनाचे नियम मात्र तेच.

पण उपायांनाही हद्द असते. पृथ्वी गोल असल्याने ही लहर क्षितिजापलीकडे फारशी जात नाही. मनोरा शंभर मीटर आणि घरचा ॲन्टेना नऊ मीटर उंच धरला, तर अंतर भरते सुमारे ५४ किलोमीटर. मुंबई ते भोपाळ सरळ रेषेत सहाशेहून अधिक! म्हणजे बांबू कितीही वाढवला तरी भोपाळच्या घरात मराठी येणार ती तिथल्या मनोऱ्यावरून सोडली तरच. आणि मनोऱ्यावरून काय सोडायचे, हे छपरावरचा माणूस ठरवत नाही.

पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा आली. आग्नेयेकडच्या उपग्रहाकडे तबकडी लावली की दरमहा पैसे न भरता सह्याद्री वाहिनी भोपाळातही दिसू लागली, निपाणीतही. आकाशाने सीमा मानली नाही.

मग प्रश्न मिटला का? टीव्हीवर मराठी आली म्हणून शाळेत आणि कचेरीत ती आपोआप येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात, असे घटनेचे कलम ३५०-क सांगते. तेही १९५६ सालचेच. पकडण्याचे काम आम्ही छपरावर चढून केले. सोडण्याचे काम सरकारचे आहे आणि ते मागत राहणे आपले.