भांडवल मिळेल, गिऱ्हाईक कुठून आणायचे? गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाचा धडा

दरवर्षी २६ जूनला शाहू जयंतीच्या भाषणांत गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची गोष्ट हमखास येते. महाराजांनी अस्पृश्याच्या हातचा चहा घेतला असे वक्ता सांगतो, टाळ्या पडतात आणि भाषण पुढे सरकते. आम्हाला हीच गोष्ट गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या बाजूने सांगायची आहे. नांदेड-लातूरकडे नोकरीची वाट पाहून थकलेली आपली मुले आज चहाचे दुकान, नाश्ता सेंटर, खानावळ, ढाबा असा विचार करू लागली आहेत. शंभर वर्षांपूर्वी गंगाराम यांना जी अडचण आली, ती या मुलांनाही चुकलेली नाही.

गंगाराम कांबळे कोल्हापूर दरबाराच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर त्यांच्या कानावर ही हकीकत गेली आणि मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. ही चाकरी सोडून स्वतःचा धंदा कर, असे त्यांनी गंगाराम यांना सांगितले आणि त्यासाठी पैसेही दिले. कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर, म्हणजे भर शहरात, ‘सत्यसुधारक हॉटेल’ सुरू झाले.

धंदा कोणता निवडला, तेही पाहिले पाहिजे. शिवाशिवीचा सगळ्यात कडक पहारा पाण्यावर आणि अन्नावर असतो. ज्या माणसाने पाण्यासाठी मार खाल्ला, त्यानेच लोकांना चहा पाजायचा होता. साहजिकच हॉटेल उघडले, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. हे कळल्यावर महाराज आपला खडखडा हॉटेलासमोर उभा करून चहा मागवू लागले. गाडीत सोबत असलेल्या वरच्या जातीच्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागे. कागदावर महाराजांची सही हवी असेल, तर आधी गंगारामच्या हॉटेलात चहा घ्यावा लागे, असेही सांगतात.

म्हणजे महाराजांनी तीन गोष्टी दिल्या: भांडवल, मोक्याची जागा आणि गिऱ्हाईक. यातली तिसरी नसती, तर पहिल्या दोन वाया गेल्या असत्या. आणि हे सगळे मिळाल्यावरही रोज सकाळी भट्टी पेटवून, नाके मुरडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकान चालवायचे काम गंगाराम यांनाच करायचे होते. ही गोष्ट राजाच्या मोठेपणाची आहे, तितकीच एका उद्योजकाच्या हिमतीचीही आहे.

आता कायद्याकडे येऊ. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीच्या कारणावरून तिथे कोणालाही अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. वेगळ्या कपात चहा देणाऱ्या हॉटेलवाल्यावर आपण तक्रार करू शकतो, ती या कायद्याच्या जोरावर.

पण हा सगळा कायदा आपण गिऱ्हाईक असताना उपयोगी पडतो. आपण मालक झालो की प्रश्न उलटा होतो. अमुक हॉटेलात जाऊन जेवा, असा हुकूम कोणताही कायदा कोणाला देऊ शकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा झाला, हे खरे. मात्र कोणी काही न बोलता फक्त शेजारच्या हॉटेलात जाऊन बसला, तर पोलिसांत काय लिहून देणार? हा बहिष्कार गावात दिसतो, पण कागदावर येत नाही. म्हणूनच कित्येक जण पाटीवर आडनाव लिहीत नाहीत आणि दर्शनी भागात बाबासाहेबांचा फोटो लावताना दहा वेळा विचार करतात.

मराठवाड्यात या धास्तीला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. शाहू महाराजांसारखा पाठीराखा इथल्या दलितांना मिळाला नाही. पुढे १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर दंगली उसळल्या, तेव्हा नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला आणि मराठवाड्यात गावोगावी आपली घरे जाळली गेली. ज्यांच्या आई-वडिलांनी हे पाहिले, त्या मुलांनी सुरक्षित नोकरी शोधली यात नवल नाही.

तरीही याच मातीतून धंद्याची वाट निघाली आहे. लातूर जिल्ह्यात जन्मलेले आणि नांदेडला तंत्रनिकेतनात शिकलेले मिलिंद कांबळे बांधकाम व्यवसायात उतरले. २००५ मध्ये त्यांनी ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना पुण्यात उभी केली. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, हा या संघटनेचा आग्रह आहे. भांडवलाची दारेही थोडी उघडली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद होती. बँकेत चपला झिजतात, हे मान्य. पण निदान कागदावर तरी वाट आहे. गिऱ्हाइकासाठी मात्र कोणतीही योजना नाही.

मग करायचे काय? गंगाराम यांच्या हॉटेलातच उत्तर सापडते.

पहिले म्हणजे जागा. त्यांचे हॉटेल भर रस्त्यावर होते. आपल्याच वस्तीच्या तोंडाशी टपरी टाकली, तर धंदा तेवढ्यातच फिरतो. लातूर आणि नांदेडला नीटच्या तयारीसाठी बाहेरगावची हजारो मुले येतात. त्यांना वेळेवर, स्वच्छ, घरच्यासारखे जेवण हवे असते. नांदेडला गुरुद्वारामुळे देशभरातून यात्रेकरू येतात. अहमदपूरवरून जाणाऱ्या लातूर-नांदेड रस्त्यावर रात्रंदिवस वाहने असतात. वाटसरू आणि विद्यार्थी मालकाची जात विचारत बसत नाहीत, चव आणि दर बघतात.

दुसरे, पहिले गिऱ्हाईक आपण व्हायचे. १४ एप्रिलचा भोजनदानाचा कार्यक्रम, धम्म परिषद, लग्न, नामकरण यांच्या जेवणाची ऑर्डर आपल्या माणसाला द्या. आणि रोख द्या. ‘जयभीम’ म्हणून उधारी लिहायला लावणारा माणूस बहिष्कार घालणाऱ्याइतकेच नुकसान करतो.

तिसरे आमच्या पुरोगामी मित्रांसाठी आहे. महाराज एकटे चहा पिऊन गेले असते, तर धंदा वाढला नसता. त्यांनी आपल्या गाडीतल्या माणसांना चहा प्यायला लावले. तुम्हीही तुमच्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना घेऊन या. सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्ये सगळे एका पंगतीत बसतात आणि कोणाचे काही बिघडत नाही, हे नांदेडकरांना वेगळे सांगायला नको.

महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. त्यानंतर काही वर्षांतच गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेऊन कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. ज्याला एकेकाळी पाण्याला शिवल्यावरून मार पडला, तो माणूस स्वतःच्या पायावर उभा राहून राजाचे स्मारक उभारण्याइतका मोठा झाला. पुढच्या शाहू जयंतीला हा भागही सांगा, आणि भाषण संपल्यावर चहा आपल्या मुलाच्या हॉटेलातून मागवा.