गिरणीतला कोंडा, कोंबडीचा घास
आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची गिरणी सुरू झाली की मी रिकामी पोती घेऊन दारात उभी. मी ब्रॉयलर कोंबड्या पाळते आणि त्यांच्या खर्चात साधारण 70 टक्के वाटा खाद्याचा. मका महागला की नफा तिथेच संपतो. म्हणून थोड्या मक्याच्या जागी कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, आणि बारीक कोंडा, म्हणजे पॉलिश, घालते. पॉलिशमध्ये सुमारे 12 टक्के प्रथिनं असतात. पण त्यातल्या तेलामुळे ते लवकर खवट होतं. ताजंच आणावं, वास घेऊनच मिसळावं. तूस मात्र नको, ते पचत नाही. पहिले 3 आठवडे पिल्लांना नेहमीचंच खाद्य. नंतर 10 किलो खाद्यात 1 किलो पॉलिश. दर आठवड्याला पक्षी तोलते. वजन घटलं, तर ती बचत नव्हेच.