'कल्याणकर' : ग्रामनाम आणि आडनाव

संस्कृतात 'कल्याणकर' म्हणजे मंगल करणारा. आडनावातील 'कर' मात्र स्थलवाचक आहे. प्रश्न आहे तो स्थळाचा. ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे प्राचीनत्व निर्विवाद होय. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांतील काही दाते स्वतःस कल्याणचे रहिवासी म्हणवितात, इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात हे बंदर 'कल्लिएना' म्हणून येते. तथापि ती व्यक्तीची ओळख होती, वंशपरंपरागत आडनाव नव्हे. शिवाय कल्याण एकच नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी एक कल्याण आहे. अकराव्या शतकात चालुक्यांची राजधानी झालेले कल्याणी, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, तर मराठवाड्यालगतच आहे. तेव्हा मराठवाड्यातील एखाद्या कल्याणकर कुळाचे मूळ कोकणात शोधण्यापूर्वी (हा मोह आपल्याकडे फार!) त्याचे कुलदैवत, वतनाचे कागद आणि जुने सोयरसंबंध तपासणे अगत्याचे ठरते.