हवा, पेट्रोल आणि काटा



मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. परंतु वजन करून पाहिले तर ती मुख्यतः हवेवर चालते असे दिसून येईल. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळावयाचे तर सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरांत सांगावयाचे तर एका लिटरास नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा खर्ची पडते. ही सांगड घालण्याचे काम जुन्या गाडीत कार्ब्युरेटर करतो. ती बरोबर बसली आहे की नाही हे दाखविणारा काटा जुन्या गाडीला कसा जोडावा आणि कसा वाचावा, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाले की मिस्त्री मिश्रण ‘रिच’ झाले म्हणतो. कमी पडले की ‘लीन’. रिच मिश्रणाने प्लग काळे पडतात, पेट्रोल वाया जाते आणि धुरातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक बाहेर पडतो. लीन मिश्रणाने गाडी धक्के खाते, आणि चढावर भार असताना ते तसेच राहिले तर व्हॉल्व्ह व पिस्टन जळण्याची भीती असते. मात्र १४.७ हा सदासर्वकाळचा नियम नव्हे. पुरा जोर हवा तेव्हा इंजिनाला १२.५ ते १३ चे मिश्रण मानवते. सपाट रस्त्यावर, बेताच्या चालीला १५ ते १६ चेही चालते.

आजवर ही पारख प्लगच्या रंगावरून होत आली. काजळी धरली तर रिच, पांढरट पडला तर लीन, तपकिरी असेल तर ठीक. अनुभवी मिस्त्रीच्या या नजरेला आम्ही कमी लेखीत नाही. पण प्लग सर्व प्रवासाचे सार सांगतो. घाटात तिसऱ्या गिअरला नेमके काय घडले हे तो सांगत नाही. पीयूसीची तपासणीही गाडी जागेवर उभी असताना होते.

मग आजच ही उठाठेव कशाला? याचे उत्तर पंपावर आहे. उसापासून आणि धान्यापासून काढलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ साली हे मिश्रण देशात २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून एक किलो इथेनॉलास नऊ किलोच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर १४.७ ऐवजी सुमारे १३.५ हा आकडा येतो. नव्या गाडीतील संगणक हा फरक ओळखून पेट्रोल वाढवितो. कुर्ल्याला तयार झालेल्या जुन्या प्रीमिअर पद्मिनीचा कार्ब्युरेटर तसे करू शकत नाही. त्याच्या जेटचे छिद्र तेवढेच राहते. परिणामी पूर्वी बरोबर असलेले मिश्रण सुमारे नऊ टक्क्यांनी लीन होते. जी गाडी आधीच लीन होती, तिच्या जिवावरच बेतते.

आता काट्याचे अंतरंग पाहू. त्याचा डोळा म्हणजे एक्झॉस्ट पाइपात बसविलेला ऑक्सिजन सेन्सर. झिर्कोनियाच्या तापलेल्या चिनी मातीसारख्या तुकड्याच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असले की त्यात विजेचा दाब उत्पन्न होतो. हा सिद्धांत नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा. १९७६ साली व्होल्व्होच्या गाड्यांत असा सेन्सर प्रथम आला. त्याला तराजूची उपमा देता येईल. साधा सेन्सर कोणते पारडे खाली गेले एवढेच सांगतो. रुंद पल्ल्याचा, म्हणजे वाइडबँड सेन्सर, पारडी समतोल करण्यास किती मापे टाकावी लागली तेही सांगतो. येथे मापे म्हणजे ऑक्सिजन आत-बाहेर करणारा विजेचा प्रवाह. आपल्या कामाला हा दुसरा सेन्सरच हवा.

जोडणीत चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली जागेची. सर्व सिलिंडरांचे पाइप जेथे एकत्र येतात त्याच्या पुढे, इंजिनापासून दोन-तीन फुटांवर, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यास त्याच्या आधी पाइपास छिद्र पाडून आट्यांची कडी वेल्ड करावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी आणि सेन्सर दूर ठेवावा. दुसरी गोष्ट कलाची. सेन्सर घड्याळातील दहा आणि दोन यांच्या दरम्यान वरून बसवावा. खालून बसविल्यास थंड पाइपात साचलेले पाणी तापल्या सेन्सरवर येते आणि तो तडकतो. तिसरी गोष्ट गळतीची. सेन्सरच्या आधी सांध्यातून बाहेरची हवा शिरली तर काटा उगाच लीन दाखवितो. मालक मग जेट मोठा करीत बसतो, आणि दोष असतो गॅस्केटचा! चौथी गोष्ट विजेची. सेन्सरची शेगडी सातशे अंशांहून अधिक तापते. तिला इग्निशनच्या किल्लीबरोबर चालू होणारा, फ्यूज लावलेला पुरवठा द्यावा, आणि अर्थिंग स्वच्छ धातूवर घट्ट करावे. पुरवठा तोडून सेन्सर चालत्या पाइपात ठेवू नये. काजळीने तो निकामी होतो. सिलिकोनचा मसालाही त्याला विष आहे.

एवढे करूनही वाचण्यात चूक होऊ शकते. काटा पेट्रोल पाहत नाही. धुरात उरलेला ऑक्सिजन पाहतो. एखादा प्लग ठिणगी देईनासा झाला की न जळलेली हवा तशीच बाहेर येते. सिलिंडर पेट्रोलने भिजलेला असताना काटा लीन दाखवितो. म्हणून प्लग, पॉइंट आणि टॅपेट नीट झाल्याखेरीज काट्याला साक्षीस बोलावू नये. दुसरे असे की, काट्यावरचे आकडे बहुधा शुद्ध पेट्रोलच्या मापाने छापलेले असतात. टाकीत इथेनॉल कितीही असो, १४.७ याचा अर्थ ‘हवा बरोबर पुरली’ एवढाच घ्यावा. पूर्वी १५.५ वर बसविलेली गाडी नव्या इंधनावर १६.९ च्या आसपास दाखवील. तेव्हा जेट मोठा करण्याची वेळ आली असे समजावे. १.२० मिलिमीटरचा जेट १.२५ चा केला तर छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. फरक केसाएवढा, पण उणीव जवळजवळ भरून निघते. मग तीच गाडी महाबळेश्वरी चढविली तर विरळ हवेमुळे मिश्रण रिचकडे झुकेल. तेवढ्यासाठी जेट पुन्हा बदलू नये. आणि चालत्या गाडीत काटा शेजारच्याने वाचावा, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असावी.

काटा गाडी दुरुस्त करीत नाही. रबरी नळ्या इथेनॉलने खराब होऊ लागल्या तर तेही त्याला दिसत नाही. त्या हाताने दाबून पाहाव्याच लागतात. पण कानाने, नाकाने आणि प्लगच्या रंगावरून केलेला तर्क तो आकड्यावर घासून देतो. जुनी गाडी शोभेची वस्तू म्हणून ठेवावयाची असेल तर त्याची गरज नाही. ती चालती ठेवावयाची असेल, तर इंधन बदलले हे आधी काट्याकडून कळलेले बरे. जळलेल्या पिस्टनकडून कळणे फार महाग पडते.