नाव फाइव्ह, वाजवणारे सहा-सात

अमेरिकन गायक आणि सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनच्या बँडचं नाव टिंपनी फाइव्ह. वाजवणारे मात्र बहुतेक वेळा पाचापेक्षा जास्त! हा खट्याळपणा त्याच्या गाण्यांतही पुरेपूर उतरलाय. ‘द बेस्ट ऑफ लुई जॉर्डन’ या संग्रहातलं ‘चू चू च’बूगी’ घ्या. १९४६चं गाणं. कामाच्या शोधात शहरात आलेला माणूस पेपरातल्या जाहिराती चाळतोय आणि हवा तो हुन्नर नेमका त्याच्या अंगी नाही. विषय बेकारीचा, पण लय रुळांवरून पळणाऱ्या गाडीची. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ते १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून नुसता ठेका ऐकावा. बेस दमत नाही, चालतच राहतो. प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे पडतात तेही असमान, पहिला लांब आणि दुसरा आखूड. त्यामुळे लय लंगडी खेळणाऱ्या पोरासारखी उड्या मारते. जोर पडतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेला सरावलेला आपला हात सुरुवातीला हमखास चुकतो.

जॉर्डन १९३०च्या दशकात चिक वेबच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात अल्टो सॅक्सोफोन वाजवायचा. स्वतःच्या बँडमध्ये त्यानं एक ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन एवढ्यावर भागवलं. तिघंही आखूड, नेटके तुकडे एकदम फेकतात आणि लगेच गप्प होतात. त्या मोकळ्या जागेत जॉर्डन बोलतो, टोमणा मारतो, ‘कॅल्डोनिया’ या गाण्यात तर बाईला हाक मारताना आवाज मुद्दाम चिरकू देतो. हे सगळं सहज सुचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तालमीच्या बाबतीत तो फार कडक होता, आणि मला वाटतं म्हणूनच त्याला एवढी थट्टा परवडत होती.

त्याचा सर्वांत धीट खेळ ‘सॅटरडे नाइट फिश फ्राय’, १९४९चा. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत सुमारे तीन मिनिटं मावायची. ही गोष्ट दोन्ही बाजू खाते. न्यू ऑर्लिन्समधली मासे तळण्याची पार्टी रंगते, पोलिसांची धाड पडते, पळापळ होते. शब्द धावतात, बँड मात्र तसूभरही घाई करत नाही.

पुढे १९५४मध्ये रॉक अँड रोल गायक बिल हॅलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित करून घेणारा मिल्ट गेबलर हा जॉर्डनचाच निर्माता. त्याच्यामार्फत हॅलीकडे जॉर्डनचा तो ठेका पोचला. जॉर्डनचा चावटपणा काही पोचला नाही.