पाहुणा, पाहुणी आणि किल्ला

कड्यावर दगडी किल्ला, खाली काळंशार सरोवर. किल्ल्यात एकटा राहणारा, फटकळ, बहुधा कर्जबाजारी, पण मनाने राजा असलेला क्लॅनचा, म्हणजे स्कॉटिश भावकीचा, म्होरक्या. वादळी रात्री दारात उभी बाहेरगावची बाई, ओलीचिंब. एवढं सांगितलं की पुढची कादंबरी वाचणारा स्वतःच पुरी करतो. इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या बाजारात ‘हायलँड’ नावाचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचा, वेगळा कप्पाच आहे; मुखपृष्ठावर उघड्या छातीचा, किल्ट नेसलेला पुरुष आणि मागे धुक्यात बुरूज. हसण्यावारी न्यावं असंच हे चित्र. पण या साच्याचं वय सव्वादोनशे वर्षांच्या वर आहे, आणि इतका काळ ज्याला गिऱ्हाईक मिळत राहिलं त्याला निव्वळ बाजारू म्हणून मोडीत काढणं हा आळस झाला.

सुरुवात 1789 पासून धरायला हरकत नाही. त्या वर्षी अ‍ॅन रॅडक्लिफची पहिली कादंबरी आली, ‘द कॅसल्स ऑफ अ‍ॅथलिन अँड डनबेन’. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन किल्ले, एक सज्जनांचा आणि एक दुष्ट सरदाराचा. दोहोंत वैर, तळघरं, कैद, पलायन. गरीब शेतकऱ्याचा पोर म्हणून वावरणारा अ‍ॅलेन अखेर खानदानी वारस निघतो आणि लग्नाची वाट मोकळी होते. कादंबरी कच्ची आहे. त्यातलं स्कॉटलंड उचलून इटलीत ठेवलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं; पुढे बाईंनी बरंचसं तसंच केलं आणि नाव कमावलं. पण वैर, किल्ला, बंदिवास आणि लग्न ही मांडणी तिथे आयती तयार होती.

स्कॉटलंडच का, याचं उत्तर राजकारणात आहे. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे स्ट्युअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्यांचा, तासाभरात चुराडा झाला. त्यानंतर सरकारने हायलँडचा पोशाख कायद्याने बंद केला आणि 1747 मध्ये क्लॅनप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. तोवर किल्ल्यातला हा माणूस आपल्या मुलखात न्यायाधीश होता, सेनापती होता, वसुली करणारा मालकही तोच. अशा माणसावर शेजारपाजारचे लोक प्रेमकथा लिहीत नाहीत, त्याच्यापासून गुरं लपवतात. त्याची नखं काढली गेल्यावरच तो देखणा दिसायला लागला. पोशाखावरची बंदी 1782 मध्ये उठली आणि सात वर्षांत रॅडक्लिफबाईंची कादंबरी आली. हा योगायोग असेल, पण क्रम बोलका आहे.

हा क्रम पुरता ओळखून लिहिणारा पहिला लेखक वॉल्टर स्कॉट. ‘वेव्हर्ली’ 1814 मध्ये निनावी छापली गेली. ‘साठ वर्षांपूर्वी’ अशा अर्थाचं तिचं उपशीर्षकच सांगतं की हे सगळं आता सुरक्षित अंतरावर आहे. एडवर्ड वेव्हर्ली हा पुस्तकं वाचून डोकं फिरलेला इंग्रज तरुण उत्तरेला जातो, फर्गस मॅकआयव्हर या क्लॅनप्रमुखाचा पाहुणा होतो आणि त्याच्या बहिणीच्या, फ्लोराच्या, प्रेमात पडतो. धबधब्यापाशी हार्प घेऊन गाणारी फ्लोरा हे या सबंध परंपरेतलं सर्वांत जास्त वेळा उचललं गेलेलं दृश्य असावं. ते मुळातून वाचताना एक बारीक गंमत सापडते. तिथली काही झाडंझुडपं फ्लोरानेच लावून घेतली आहेत, पण अशा बेताने की जागेचा रानटीपणा कमी वाटू नये. पाहुण्याला दिसतं ते रान यजमानीणबाईंनी हौसेने मांडलेलं आहे. हे स्कॉटला ठाऊक आहे, फ्लोराला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त वेव्हर्लीला. नंतरच्या शेकडो लेखकांनी धबधबा घेतला आणि ही मेख टाकून दिली.

फ्लोरा त्याला नकार देते. फर्गस बंडात सापडतो आणि त्याला देहदंड होतो. वेव्हर्ली रोझ नावाच्या शांत, सखल मुलखातल्या मुलीशी लग्न करतो. तिच्या बापाचं लुटलं गेलेलं घर इंग्रज कर्नलच्या खटपटीने पुन्हा उभं राहतं आणि भोजनगृहात एक मोठं तैलचित्र लागतं: हायलँडच्या वेशात फर्गस आणि वेव्हर्ली. शेजारी वेव्हर्लीने बंडात वापरलेली शस्त्रं टांगलेली. फाशी गेलेल्या मित्राचं चित्र, आणि त्याच्याखाली मेजवानी. प्रणयकादंबरी पुढे दोनशे वर्षं काय करणार होती ते स्कॉटने पहिल्याच खेपेला एका भिंतीवर लावून ठेवलं.

पाच वर्षांनी, 1819 मध्ये, त्याने ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ लिहिली. समुद्रावरचा वुल्फ्स क्रॅग हा पडका बुरूज, जमीन गमावलेला एडगर रेव्हन्सवुड, आणि ज्याने ती जमीन घशात घातली त्याचीच मुलगी ल्यूसी. पुढे डोनिझेत्तीने तिचा ऑपेरा केला, 1835 मध्ये, आणि वेड लागलेल्या ल्यूसीचं गाणं युरोपभर गाजलं. मला मात्र कादंबरीत आवडतो तो केलेब, म्हातारा कारभारी. घरात खायला दाणा नाही आणि पाहुणे दारात. मग हा गृहस्थ विजेचा कडकडाट झाल्याचं निमित्त करतो, चुलीच्या धुराड्यातून काजळी कोसळली आणि सगळं जेवण नासलं म्हणून बोंब ठोकतो. दुसऱ्या खेपेला किल्ल्यालाच आग लागल्याचं नाटक. मालकाची अब्रू राखण्यासाठी इतकं खोटं बोलणारा नोकर आपल्याकडच्या पडक्या वाड्यांतही शोभला असता. आजच्या हायलँड कादंबऱ्यांतून हा केलेब नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर किल्ल्यातलं उपाशी स्वयंपाकघरही.

स्कॉटचं वळण फार लांबवर गेलं, मुंबईपर्यंत. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. तीही गडाचीच, इतिहासाच्या चौकटीत कल्पित माणसं बसवायची ही रीत इंग्रजीतून आलेली. फरक एवढाच की आपल्याकडे गड हे परत मिळवायचं स्थळ होतं, स्कॉटकडे ते निरोप घेण्याचं.

खुद्द स्कॉटलंडात कादंबरीने वास्तवावर कुरघोडी केली. 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा समारंभाची सूत्रं स्कॉटकडेच होती आणि स्थूलदेही राजाने टार्टनचा किल्ट चढवला. ज्या वेशासाठी त्याच्या पणज्याच्या राजवटीत तुरुंग होता तोच वेश! व्हिक्टोरिया राणीने बाल्मोरलची जागा 1848 मध्ये भाड्याने आणि 1852 मध्ये विकत घेतली; 1856 पर्यंत तिथे नवा कोरा ‘जुना’ किल्ला उभा राहिला. कॅलेंडरांवर सदैव झळकणारा आयलन डोनन किल्ला 1719 मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी उद्ध्वस्त केला होता. दोनेकशे वर्षं तिथे ढिगारा होता. आज दिसतो तो किल्ला 1932 मध्ये पुरा झाला आणि त्याकडे नेणारा कमानींचा पूलही तेव्हाचाच. ‘कुछ कुछ होता है’च्या शीर्षकगीतात शाहरुख आणि काजोलच्या मागे हाच दिसतो.

या किल्ल्यांचा दुर्गमपणाही पाहुण्याच्या नजरेतलाच. आयलन डोनन तीन समुद्री खाड्यांच्या संगमावर आहे. होड्यांनी प्रवास करणाऱ्यांच्या काळात ती कोपऱ्यातली जागा नव्हती, हमरस्त्यावरचा नाका होता. आपला सिंधुदुर्ग किंवा जंजिरा कुणी ‘जगापासून तुटलेला’ म्हणावा, तसंच ते झालं.

विसाव्या शतकात पाहुण्याची पाहुणी झाली. हा बदल एका दिवसात झाला नाही. ‘जेन एअर’ने परक्या घरातली हुशार, गरीब बाई आणि तुसडा मालक ही जोडी 1847 मध्येच दिली होती. 1908 मध्ये स्थापन झालेल्या मिल्स अँड बून प्रकाशनाने अशा जोड्यांचा कारखाना काढला, आणि बार्बरा कार्टलंडबाईंनी सातशेवर पुस्तकांत कितीतरी नायिका उत्तरेला धाडल्या. बाईंच्या त्या कादंबऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. 1972 मध्ये अमेरिकेत कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली आणि जाडजूड, शरीरसुखाबद्दल न लाजणारी ऐतिहासिक प्रणयकादंबरी रूढ झाली. त्या लाटेवर ज्युली गारवुडची ‘द ब्राइड’ आली, 1989 मध्ये. इंग्लंडच्या राजाच्या हुकमाने इंग्रज मुलगी स्कॉटिश सरदाराला दिली जाते. काळ बाराव्या शतकाच्या आरंभीचा. क्लॅन आणि रंगीत पट्ट्यांची वस्त्रं मात्र कितीतरी नंतरची. वाचकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना हवी होती ती सासरी गेलेल्या मुलीची गोष्ट, ज्यात नवी सून घर बदलते आणि नवऱ्यालाही वळण लावते. इथे किल्ल्याचा धनी फाशी जात नाही, तो माणसाळतो. स्कॉटची शोकांतिका एव्हाना पुरती धुऊन निघाली होती.

मग 1991 मध्ये ‘आउटलँडर’. लेखिका डायना गॅबल्डन अ‍ॅरिझोनातल्या विद्यापीठात विज्ञानाच्या कामात होत्या. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या जुन्या भागात किल्ट घातलेला जेमी नावाचा पोरगा त्यांनी पाहिला आणि सराव म्हणून कादंबरी लिहायला घेतली, स्कॉटलंडमध्ये पाऊलही न ठेवता. दुसऱ्या महायुद्धात जखमींची शुश्रूषा केलेली क्लेअर उभ्या दगडांच्या वर्तुळातून 1743 मध्ये जाऊन पडते आणि मॅकेंझींच्या लिओख किल्ल्यात येते. ती तिथे पाहुणी आहे आणि कैदीही. ती हेर असावी असा सगळ्यांना संशय. मेलेल्या वैद्याची अंधारी खोली तिला मिळते आणि त्याच्या बरण्यांतलं काय ठेवायचं, काय फेकायचं हे ती ठरवू लागते. गॅबल्डनबाईंचं खरं यश मला या खोलीत दिसतं, गाजलेल्या शय्यागृहात नाही. क्लेअरला काम आहे. शिवाय ती आधीच विवाहित, जेमीपेक्षा वयाने मोठी आणि अनुभवी. लग्नाच्या रात्री बुजलेला आहे तो जेमी. आणि कलोडनला काय होणार हे तिला आधीच माहीत आहे. गारवुडने पुसून टाकलेली शोकांतिका इथे परत येते, या खेपेला पाहुणीच्या डोक्यात बसून.

2014 मध्ये या कादंबरीची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, ‘वेव्हर्ली’नंतर बरोबर दोनशे वर्षांनी. लिओख म्हणून मालिकेने डूनचा किल्ला वापरला. याच डूनमध्ये स्कॉटने आपल्या वेव्हर्लीला जॅकोबाइटांच्या ताब्यात आणून ठेवलं होतं. प्रत्यक्षातही 1746 मध्ये जॅकोबाइटांनी इथे कैदी ठेवले होते. त्यांतला जॉन होम चादरींना गाठी मारून खाली उतरला आणि पुढे नाटककार म्हणून नावारूपाला आला. आणि हा किल्ला स्टर्लिंग शहरापासून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. मालिका बघून येणाऱ्यांची आता तिथे रीघ लागलेली असते.

एक हिशेब मात्र या परंपरेने कधी केला नाही. ‘वेव्हर्ली’ छापली गेली त्याच 1814 च्या उन्हाळ्यात, उत्तरेत सदरलंडच्या जहागिरीत, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली कुळं मेंढ्यांच्या कुरणांसाठी हुसकली जात होती. छपरांची लाकडं जाळली, म्हणजे माणसं परत येऊ नयेत. जहागिरीचा माणूस पॅट्रिक सेलर याच्यावर 1816 मध्ये इनव्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. जहागिरीचं मुख्य ठिकाण डनरॉबिनचा किल्ला, पुढे परीकथेसारखे मनोरे चढवलेला. दरी ओसाड झाली म्हणून तर प्रणयकादंबरीला ती इतकी मोकळी, इतकी रोमांचक मिळाली. ही बाजू लिहिली ती दुसऱ्याच जातीच्या लेखकांनी: नील गनने ‘बुचर्स ब्रूम’मध्ये, 1934 साली, आणि इअन क्रायटन स्मिथने ‘कन्सिडर द लिलीज’मध्ये, 1968 साली. स्मिथच्या कादंबरीत सेलर घोड्यावरून एका एकट्या म्हातारीच्या दारात येतो आणि घर रिकामं कर म्हणून सांगतो. ती आयुष्यभर चर्चला मानत आलेली. पाद्री तिच्या बाजूने उभा राहत नाही, उभा राहतो तो नास्तिक गवंडी. म्हातारीचं नाव मिसेस स्कॉट.